जर्मन बोलताना चुकण्याची भीती: कोणती चूक जड, कोणती हलकी

प्रश्न: पुण्यात जर्मन शिकतोय. बी१ची परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे. लेखी चाचण्यांमध्ये बरे गुण पडतात, पण बोलायची वेळ आली की डेर, डी की दास (नामाच्या लिंगानुसार त्याच्या आधी लागणारं आर्टिकल) हे ठरेपर्यंत वाक्य हातचं निसटतं. मग चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसतो. ही भीती कशी घालवायची?

उत्तर: "बिनधास्त बोला, चुका होऊ द्या" हा सल्ला तुम्हाला आधीच मिळाला असेल, आणि त्याचा उपयोग झाला नसेल. तो अर्धवट आहे. कोणत्या चुका होऊ द्यायच्या आणि कोणत्या नाहीत, हे त्यात कुणी सांगत नाही. तुमच्या डोक्यात आज चुकलेलं आर्टिकल आणि चुकीची सांगितलेली वेळ या दोन्हींचं वजन सारखंच आहे. त्यामुळे प्रत्येक शब्दाला पहारा बसतो आणि तोंड बंद होतं. चुकांची वजनं एकदा ठरवली की पहारा चार-पाच ठिकाणीच ठेवावा लागतो. बाकीचं वाक्य मोकळं सुटतं.

आधी परीक्षेचं बघू, कारण भीतीचा मोठा वाटा तिथून येतो. बी१ हे नाव ज्या युरोपीय भाषा-चौकटीतून आलं, तिच्या २००१च्या वर्णनातच चुका गृहीत धरल्या आहेत. ए२चा, म्हणजे बी१च्या आधीच्या पातळीचा माणूस मूलभूत चुका पुन्हा पुन्हा करतो, तरी त्याला काय म्हणायचंय ते बहुधा कळतं. बी१चा माणूस शब्द आणि रचना शोधायला थांबतो, स्वतःला दुरुस्त करतो, हे थांबणं उघड दिसतं, तरी तो समजेल असं बोलत राहतो. म्हणजे तुम्ही ज्या गोष्टीला अपयश समजता, ती त्या पातळीच्या व्याख्येतच आहे. ग्योटे या जर्मन भाषासंस्थेच्या बी१मध्ये बोलण्याची परीक्षा साधारण १५ मिनिटांची, बहुधा दोघांची मिळून असते: एकत्र काहीतरी ठरवायचं, छोटं सादरीकरण करायचं आणि एकमेकांच्या सादरीकरणावर प्रश्न विचारायचे. १००पैकी ६० गुणांना उत्तीर्ण. गुण देताना दिलेलं काम पार पडलं का, बोलणं सलग आहे का, शब्दसाठा, वाक्यरचना आणि उच्चार हे सगळं पाहतात. आर्टिकलची चूक यांतल्या फक्त वाक्यरचनेत मोजली जाते. गप्प बसण्याची किंमत मात्र सगळीकडे द्यावी लागते.

आता वजनं. यासाठी उलट बाजूने विचार करा. नुकताच पुण्यात आलेला हिंदीभाषक गॅरेजमध्ये जाऊन "माझा गाडी बंद पडला" म्हणाला, तर मेकॅनिक काय करतो? गाडी बघायला येतो. लिंग चुकलंय हे त्याच्या कानाला कळतं, पण काम अडत नाही. तोच माणूस उद्याबद्दल बोलताना "मी काल येतो" म्हणाला (हिंदीतल्या 'कल'मुळे हे फार होतं), तर घोटाळा झाला. आणि तो मेकॅनिकच्या वयस्कर वडिलांना "तू बस" म्हणाला, तर अर्थ कळूनही वातावरण बिघडलं. पहिली चूक हलकी, दुसरी अर्थ मोडणारी, तिसरी नातं खुपवणारी. जर्मन ऐकणाऱ्याच्या कानातही हेच तीन कप्पे असतात.

अर्थ मोडणाऱ्या चुकांवर सर्वांत जास्त मेहनत घ्या, कारण त्या थोड्याच आहेत.

आकडे आणि वेळ सर्वांत वर. २३ला जर्मनमध्ये 'द्राय-उन्ट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे तीन आणि वीस. आपले विद्यार्थी इथे ट्वेंटी-थ्रीच्या सवयीने अडखळतात आणि ५२चे २५ करून बसतात. खरं तर मराठी तेवीस, चोवीस, सत्तावीस हे सगळे आकडे एककापासूनच सुरू होतात. तेव्हा आकडा मनात मराठीत म्हणा आणि तिथून थेट जर्मनमध्ये जा. एकोणतीस, एकोणचाळीस हा 'एकोण'चा गट तेवढा वेगळा आहे, तो स्वतंत्र घोटा. वेळेत सापळा उलट बाजूला आहे. 'हाल्प द्राय' म्हणजे अडीच. आपलं डोकं 'अर्धा' आणि 'तीन' ऐकून झटकन साडेतीन करतं आणि माणूस तासभर उशिरा पोचतो. दक्षिण आणि पूर्व जर्मनीत याच्या पुढची पायरी ऐकू येते: 'द्राय-फिर्टल द्राय' म्हणजे पावणेतीन आणि 'फिर्टल द्राय' म्हणजे सव्वादोन. महाराष्ट्रातून कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी २०२४मध्ये ज्या बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार झाला, त्याच्या काही भागांतही हे चालतं. तिकडे जाणार असाल तर आत्ताच कान तयार करा.

दुसरी जड जागा नकाराची. इंग्रजीचा 'मस्ट नॉट' डोक्यात ठेवून 'म्युसन निश्ट' वापरलं की अर्थ उलटतो. 'झी म्युसन दास निश्ट नेमन' म्हणजे "नाही घेतलं तरी चालेल". "घ्यायचं नाही" असं बजावायचं तर 'ड्युर्फन निश्ट' हवं. नर्सिंगसाठी जाणाऱ्यांनी ही जोडी झोपेतही चुकू नये इतकी पक्की करावी, कारण समोर औषधाची गोळी असते. 'निश्ट' आणि 'काइन' या दोन नकारांतली गल्लत मात्र हलकी. 'इश हाबे निश्ट त्साइट' चूक आहे, पण वेळ नाही हे समोरच्याला समजतं.

तिसरी जागा वाक्याच्या शेवटी असते. 'इश माखे दास लिश्ट आन' म्हणजे दिवा लावतो आणि 'आउस' म्हणजे बंद करतो. सगळा अर्थ त्या शेवटच्या तुकड्यात. घाबरलेला माणूस वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतो आणि नेमका तोच तुकडा गिळतो. शेवटचा शब्द मोठ्याने म्हणण्याची सवय लावा. मग इंग्रजीसारखे दिसणारे फसवे शब्द: 'बेकोमन' म्हणजे मिळणं, होणं नव्हे, 'वेर' म्हणजे कोण आणि 'वो' म्हणजे कुठे, 'इश विल' म्हणजे मला करायचंय, मी करेन नव्हे. असे वीस-पंचवीस शब्द एका कागदावर बसतात.

कर्ता-कर्माचा गोंधळही जड असू शकतो, पण त्यावर सोपा उपाय आहे. कर्ता नेहमी आधी ठेवा. जर्मनमध्ये कर्म आधी आणता येतं, पण तेव्हा डेर (कर्त्याचं आर्टिकल) आणि डेन (कर्माचं) यांतला फरक अचूक लागतो. बी१पर्यंत तो धोका पत्करायची गरज नाही.

नातं खुपवणारी चूक मुख्यतः 'डू' आणि 'झी'ची. तू आणि तुम्ही घरातच असल्याने हे आपल्याला सोपं जातं, फक्त सीमारेषा वेगळी आहे. आईवडील, आजीआजोबा सगळ्यांना 'डू'. बँक, डॉक्टर, सरकारी कचेरी, अनोळखी मोठा माणूस यांना 'झी'. ऑफिसात वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस 'डू' सुचवतो, तोवर 'झी'. चुकून 'डू' निघालं तर "एन्टशुल्डिगुंग, झी" म्हणून पुढे जा. लांबलचक माफी मागण्याची गरज नसते.

आणि आता हलक्या चुका, ज्यांच्या भीतीने तुम्ही गप्प आहात. लिंग, विशेषणांचे प्रत्यय, बरीचशी शब्दयोगी अव्ययं. विशेषणांचे प्रत्यय बोलताना पूर्णपणे सोडून द्या, म्हणजे जो तोंडात येईल तो लावा आणि पुढे चला. ते लेखनात सुधारतील. लिंगाबद्दल मात्र मराठी माणसाने एवढं दबून जाऊ नये. तीन लिंगं आपण जन्मापासून सांभाळतो. तो फोन, ती बस, ते टेबल हे कुणी नियमाने शिकवलं नव्हतं. अडचण एवढीच की दोन भाषांतली लिंगं जुळत नाहीत: सूर्य तिकडे स्त्रीलिंगी, चंद्र आपल्यासारखाच पुल्लिंगी, मुलगी नपुंसकलिंगी. मालवणी-कोकणी घरातल्यांना या शेवटच्याचं नवल वाटणार नाही, त्यांच्याकडेही 'चेडू' नपुंसकलिंगीच आहे. तर काही शेवट पाठ करा: -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट, -त्सिओन हे डी, -शेन आणि -लाइन हे दास, वार, महिने, ऋतू डेर, शेवटी 'ए' असेल तर बहुधा डी. उरलेल्यांत अंदाज करा. बोलताना आर्टिकल हलकं आणि नाम ठळक उच्चारा. जर्मन माणूसही तसंच बोलतो, त्यामुळे याला लपवाछपवी समजू नका. आर्टिकल आठवत नाही म्हणून वाक्याच्या मध्ये थांबणं एवढं मात्र करायचं नाही.

वाक्यातला क्रम या दोन टोकांच्या मध्ये येतो. 'हॉयटे इश गेए' (आज मी जातो) ही आपल्या वर्गांतली सर्वांत मोठी चूक, हवं 'हॉयटे गेए इश'. क्रियापद दुसऱ्या जागी. अर्थ मोडत नाही, पण कानाला सतत टोचतं. या चुकीबद्दल एक गोष्ट ठाऊक असली की मन शांत होतं. जर्मनीत आलेल्या इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज कामगारांच्या बोलण्याचा क्लासन, मायझेल आणि पीनेमान यांनी अभ्यास केला (१९८३). शिकणारे ठरावीक पायऱ्यांनी पुढे जातात असं त्यांना दिसलं. आधी साधा कर्ता-क्रियापद क्रम, मग 'आज'सारखा शब्द पुढे येतो पण क्रियापद हलत नाही, मग क्रियापदाचा दुसरा भाग शेवटी जातो, मग उलटा क्रम जमतो. म्हणजे 'हॉयटे इश गेए' हा वाटेतला थांबाच आहे. नियम माहीत असूनही तो तोंडात यायला वेळ लागतो, यात मंदपणा नाही.

इथे मराठीचा मोठा आधार आहे आणि तो फारसा कुणी घेत नाही, कारण सगळे इंग्रजीच्या पुलावरून जातात. 'वाइल इश क्रांक बिन' हे शब्दाला शब्द "कारण मी आजारी आहे" असंच आहे, क्रियापद शेवटी. 'इश हाबे गेस्टर्न राइस गेगेसन' (मी काल भात खाल्ला) यात "खाल्ला" शेवटी येतं, अगदी आपल्यासारखं. 'मिर गेफेल्ट डी श्टाट' म्हणजे "मला शहर आवडतं": मला, आणि आवडणारी वस्तू कर्ता. 'मिर इस्ट काल्ट' तसंच, "मला थंडी वाजतेय". इंग्रजीवरून आलेला माणूस इथे 'इश बिन काल्ट' म्हणतो आणि स्वतःला भावनाशून्य ठरवतो. उकडतंय म्हणून 'इश बिन हाइस' म्हटलं तर त्याचा कामुक अर्थ निघतो, म्हणून 'मिर इस्ट हाइस' पक्कं करा. भूतकाळात सहायक क्रियापद 'बिन' की 'हाबे' यासाठी मात्र मराठीवर पूर्ण विसंबू नका. गेलो, आलो, पडलो यांना 'बिन' बसतं, पण झोपलो आणि हसलो यांना 'हाबे' लागतं. हालचाल किंवा अवस्थेतला बदल ही खूण धरा.

उच्चारांतही तेच. त्साइटमधला पहिला आवाज म्हणजे 'चमचा'तला च, 'झोने'चा झ म्हणजे 'जहाज'चा ज. कष्ट घ्यायचे ते दोन स्वरांवर. 'ई' म्हणत राहा, जीभ तशीच ठेवा आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करा; 'ए' म्हणत ओठ 'ओ'सारखे करा. आरशासमोर रोज पाच मिनिटं, दोन आठवडे. हे जमलं नाही तर 'सुंदर'चं 'आधीच' होतं, आणि हवा दमट आहे म्हणताना ती समलिंगी आहे असं बोललं जातं. दुसरं, स्वरांची लांबी सांभाळा: 'श्टाट' आखूड म्हटलं तर शहर, लांब म्हटलं तर राज्य.

आता रोजचा सराव. तुमच्याकडे तीन महिने आहेत, दिवसाला ४० मिनिटं धरू.

गाभा एकच: चार-तीन-दोनचा सराव. पॉल नेशन यांनी १९८९मध्ये याचे परिणाम मांडले होते आणि आजही बोलणं मोकळं करण्यासाठी याच्याइतकी सोपी गोष्ट नाही. एक विषय घ्या, उदाहरणार्थ घरापासून कामापर्यंतचा प्रवास. चार मिनिटं बोला. तेच पुन्हा तीन मिनिटांत, मग तेच दोन मिनिटांत. शक्य असेल तर प्रत्येक वेळी नवा श्रोता. नसेल तर फोनचं रेकॉर्डिंग. मजकूर तोच असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत डोकं काय बोलायचं यातून मोकळं होतं आणि घाईमुळे आर्टिकलची वाट बघायला वेळच उरत नाही. आठवड्यातून चार दिवस करा. हे बिघडतं तीन कारणांनी. लोक आधी मजकूर लिहून काढतात आणि मग वाचतात. तीन-चार शब्दांच्या टिपणावर लिखाण थांबवा. विषय अवघड घेतात, म्हणजे हवामानबदल वगैरे. सर्व शब्द माहीत असलेला विषयच घ्या. आणि पहिल्याच फेरीनंतर चुका दुरुस्त करायला बसतात. तिन्ही फेऱ्या संपेपर्यंत हात लावायचा नाही.

उरलेल्या तीन दिवसांपैकी दोन दिवस दुरुस्तीचे. आठवड्यातलं एक रेकॉर्डिंग घ्या, त्यातलं फक्त एक मिनिट शब्दाला शब्द लिहून काढा. मग दोनच प्रकारच्या चुकांना खूण करा: या आठवड्यात क्रियापदाची दुसरी जागा आणि आकडे, पुढच्या आठवड्यात 'बिन-हाबे' आणि नकार. बाकी चुका दिसल्या तरी सोडा. लाल शाईने भरलेला कागद बघून पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. खूण केलेलं प्रत्येक वाक्य दुरुस्त करून मोठ्याने पाच वेळा म्हणा, आणि त्याच साच्यात तीन नवी वाक्यं बनवा. सातव्या दिवशी फक्त ऐका. डॉइचे वेलेच्या हळू वाचलेल्या बातम्या मजकुरासह मोफत मिळतात. दोन मिनिटांचा तुकडा निवडून वाचणाऱ्याच्या आवाजावर आवाज ठेवून म्हणत जा.

बोलायला जोडीदार असेल तर पहिल्याच दिवशी त्याच्याशी ठरवा: मध्ये टोकायचं नाही, बोलणं संपल्यावर दोनच चुका, त्याही ठरवलेल्या प्रकारातल्या, आणि बरोबर वाक्य स्वतः सांगायचं नाही. "क्रियापद कुठे?" एवढंच विचारायचं, दुरुस्ती तुम्ही करायची. लिस्टर आणि रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास केला (१९९७). शिक्षक बहुतेक वेळा चुकलेलं वाक्य नीट करून परत म्हणत, पण विद्यार्थी त्या दुरुस्तीकडे सर्वांत कमी लक्ष देत. सूचना देऊन त्यांच्याकडूनच काढून घेतलेली दुरुस्ती जास्त उचलली जाई. क्लासमधले शिक्षक मध्येच टोकत असतील तर त्यांनाही हे आदराने सांगायला हरकत नाही. बहुतेक शिक्षक ऐकतात.

अडकल्यावर काय म्हणायचं याची पाच-सहा वाक्यं जिभेवर तयार हवीत. "मोमेंट, इश माइने..." (थांबा, मला म्हणायचंय...). "वी झाग्ट मान...?" (याला काय म्हणतात?). शब्द नसेल तर "झो आइन डिंग, मिट डेम मान..." (अशी एक वस्तू, जिने आपण...) आणि मग वर्णन. आणि सर्वांत मोलाचं, "हाबे इश झी रिश्टिश फेरश्टांडन?" (मला नीट कळलं ना?) असं विचारून समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं.

याच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण आपल्याकडची खरी घातक सवय बोलण्यातल्या चुकीची नाही. कळलं नाही तरी मान हलवून "या, या" (हो, हो) म्हणायची ती आहे. वडीलधाऱ्यांना पुन्हा विचारणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून आपण हो म्हणून मोकळे होतो. जर्मन कामाच्या जागी याचा अर्थ 'समजलं, जबाबदारी घेतली' असा धरला जातो. वॉर्डात किंवा यंत्रावर काम करणाऱ्याने न समजता दिलेला होकार शंभर चुकलेल्या आर्टिकलांपेक्षा महागात पडतो. परत विचारणाऱ्याला तिथे कच्चा समजत नाहीत. डोस, वेळ, खोलीचा क्रमांक आणि नाव या चार गोष्टी ऐकल्या की प्रत्येक वेळी मोठ्याने परत म्हणायची शिस्त सरावातच लावा.

परीक्षेत दोघांनी मिळून ठरवायच्या भागात हीच वाक्यं कामाला येतात. जोडीदाराला "वास माइन्स्ट डू?" (तुला काय वाटतं?) विचारलंत की संवादही झाला आणि तुम्हाला विचार करायला चार सेकंद मिळाले. तयारीच्या १५ मिनिटांत पूर्ण वाक्यं लिहू नका, फक्त खुणेचे शब्द आणि प्रत्येक मुद्द्याला एक जोडशब्द: 'त्सुएर्स्ट' (आधी), 'डान' (मग), 'आबर' (पण), 'वाइल' (कारण). चूक लक्षात आली तर एकदाच दुरुस्त करा आणि पुढे चला. एका वाक्यात तीनदा मागे गेलात तर सलगपणाचे गुण जातात. परीक्षक मध्ये टोकत नाहीत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल वाचत बसू नका.

प्रत्यक्ष जर्मनीत गेल्यावर, विशेषतः बर्लिनसारख्या शहरात, तुम्ही अडखळलात की समोरचा इंग्रजीत शिरतो. हा तुमच्या जर्मनवरचा शेरा समजू नका. बहुतेक वेळा तो मदत करत असतो. "क्योनन वीर बिटे डॉइच श्प्रेखन? इश लेर्न नोख" (जर्मनमध्ये बोलू या का? मी अजून शिकतोय) असं हसून म्हणा. बहुतेक लोक लगेच परत वळतात आणि थोडं हळूही बोलतात.